तीन महाविद्यालये, एक सामाईक तास: तालुक्याच्या गावातील संसाधन-भागीदारीचे प्रकरण

तालुक्याच्या गावी तीन महाविद्यालये, तिन्हींच्या संस्था वेगळ्या आणि तिघांकडेही काही ना काही अर्धे. एकाकडे महागडे उपकरण आहे, ते आठवड्यातून दोनदा चालते. दुसऱ्याकडे ग्रंथ आहेत, पण वाचणारा विद्यार्थी तिसऱ्याकडे आहे. तिसऱ्याकडे विषयाला मागणी आहे आणि शिकवायला माणूस नाही. ‘वाटून वापरा’ हा सल्ला सगळेच देतात, सामंजस्य करारही होतात, फाइलला लागतात आणि तिथेच राहतात. या प्रकरणातून आमचे एक म्हणणे पुढे येते: उपकरण, ग्रंथ, शिक्षक यांच्या वाटणीआधी वेळ वाटून घ्यावा लागतो. तिघांच्या वेळापत्रकात एकाच वेळी मोकळा असलेला तास नसेल, तर बाकी कराराला अर्थ उरत नाही.

परभणी-हिंगोली पट्ट्यातल्या गावांत वारंवार दिसणारी परिस्थिती एका ठिकाणी आणून हे प्रकरण उभे केले आहे. त्यातले अंतर, वेळा आणि तुकड्यांचे आकडे या मांडणीपुरते आहेत. नियम आणि तांत्रिक बाबी मात्र जशा आहेत तशा दिल्या आहेत. महाविद्यालयांना आपण ‘गावातले’, ‘स्टेशनवरचे’ आणि ‘महिला’ म्हणू.

गावातले महाविद्यालय जुने व अनुदानित. कला, वाणिज्य आणि लहानसा विज्ञान विभाग. सकाळी ७.३० ते दुपारी १२.५०, कारण त्यानंतर इमारत ज्युनिअरला लागते. स्टेशनवरचे फक्त विज्ञानाचे. रसायनशास्त्राचा पदव्युत्तर वर्ग आणि संगणक विभाग तिथेच, वेळ १०.३० ते ५. दोघांमध्ये दीड किलोमीटर अंतर आणि रेल्वेचे फाटक. महिला महाविद्यालय कायम विनाअनुदानित, कला आणि गृहविज्ञान, ८ ते १, स्टेशनपासून तीन किलोमीटर.

भागीदारीची गरज नव्या अभ्यासक्रम रचनेने निर्माण केली. संलग्नित महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पदवीच्या पहिल्या वर्षाला राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार रचना लागू झाली आणि ओपन इलेक्टिव्ह (खुल्या निवडीचा विषय) मुख्य विषयाच्या विद्याशाखेबाहेरचा घेणे बंधनकारक झाले. ज्या महाविद्यालयात विद्याशाखाच एक, त्याने बाहेरचा विषय आणायचा कुठून? स्टेशनवरच्यांनी पहिल्या सत्रात विज्ञानाच्याच शिक्षकांना मानव्यविद्येचा विषय वाटून दिला. विद्यार्थ्यांना पुस्तकातला धडा वाचून दाखवला गेला, त्यापलीकडे काही झाले नाही. महिला महाविद्यालयात तर मुलींना हवा असलेला संगणकाचा विषय यादीतूनच काढावा लागला.

पहिला करार आणि तो का पडून राहिला

पहिल्या करारात एकच वाक्य महत्त्वाचे होते: ‘तिन्ही महाविद्यालयांच्या सर्व शैक्षणिक सुविधा परस्परांच्या विद्यार्थ्यांना उपलब्ध राहतील.’ वर्षभरात त्याखाली एकही विद्यार्थी कुठे गेला नाही. कारण सरळ आहे. ग्रंथपालाला समोरच्या महाविद्यालयाचा विद्यार्थी ओळखपत्र घेऊन आला तर पुस्तक द्यायचे की फक्त बसू द्यायचे, हे कोणी सांगितले नव्हते. पुस्तक हरवले तर वसुली कोणाकडून? उपकरणावर कोण सही करणार? जबाबदारी ठरलेली नसली की कर्मचारी नकारच देतो, आणि त्यात त्याची चूक नसते.

दुसरे कारण कोणी उघड बोलत नाही: कार्यभार. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाचे प्रत्यक्ष अध्यापन आठवड्याला १६ तास धरले जाते, आणि मंजूर पदे कार्यभारावर टिकतात. माझा विद्यार्थी शेजारी शिकायला गेला तर माझ्या विभागाचे तास कमी होतील, उद्या पद जाईल, अशी भीती प्रत्येक विभागप्रमुखाच्या मनात असते. शिवाय मुलगा तिकडे गेला की पुढच्या वर्षी प्रवेशही तिकडेच घेईल, ही धास्ती आहेच. ही भीती खरी आहे असे धरूनच आखणी करावी लागते. प्राचार्यांच्या आपसातल्या स्नेहावर ती विसरता येत नाही.

तास जुळवणे

दुसऱ्या प्रयत्नात करार बाजूला ठेवून आधी तिन्ही वेळापत्रके आणि एसटीचे वेळापत्रक एका टेबलावर घेतले. तिघांचा सामाईक काळ १०.३० ते १२.५०. खेड्यांकडे जाणारी दुपारची गाडी १.१५ ची, त्यानंतरची थेट ४.३० ला. म्हणजे १२.४० च्या पुढे वर्ग गेला की मुली उठून जाणार, आणि त्यांनी जावेच. म्हणून तासांचा सामाईक गट ठरला १०.४० ते १२.४०. वार मंगळवार आणि शुक्रवार. सोमवारी आठवडी बाजार, त्या दिवशी गाड्या भरलेल्या आणि स्टँडचा रस्ता तुंबलेला, म्हणून सोमवार आधीच बाद.

इथे मिनिटांचा हिशोब चुकतो आणि तो हमखास चुकतो. दोन श्रेयांकांचा (क्रेडिटचा) सैद्धांतिक विषय म्हणजे सत्रात ३० तास. आठवड्याला ६० मिनिटांच्या दोन तासिका घेतल्या तर १५ आठवड्यांत ३० तास पूर्ण. पण अनेक ठिकाणी तासिका ५० मिनिटांची असते. दोन तासिका म्हणजे १०० मिनिटे; १,८०० मिनिटांना १८ आठवडे लागतात. जुलैत सुरू झालेल्या सत्रात पोळा, गणपती, १७ सप्टेंबर आणि दसरा वजा जाता १८ मंगळवार मिळत नाहीत. घंटा वेगळी वाजली की शेवटी पाच तास कमी पडतात आणि ते हजेरीपटावर ‘भरून’ काढले जातात. म्हणून सामाईक गटापुरती घंटा तिघांनी ६० मिनिटांची केली आणि बुडालेल्या मंगळवारची भरपाई शुक्रवारच्या गटात ठेवली.

मग प्रश्न आला, हलायचे कोणी? नियम असा ठरला: शिकवणे फळ्यावर होत असेल तर शिक्षक जाईल, उपकरणाशी बांधलेले असेल तर विद्यार्थी जातील, पुस्तक लागत असेल तर पिशवी जाईल. साठ मुलांना फाटकापलीकडे नेण्यापेक्षा एका शिक्षकाने जाणे स्वस्त, सुरक्षित आणि वेळेवर होणारे आहे. फाटक पंधरा मिनिटे बंद राहिले तर एका शिक्षकाला दहा मिनिटे आधी निघता येते. साठ जणांना कोणी आधी सोडत नाही.

कार्यभाराची भीती साखळीने सुटली. गावातल्या महाविद्यालयाचा वाणिज्य शिक्षक स्टेशनवर आर्थिक नियोजनाचा विषय शिकवतो, स्टेशनवरचा संगणक शिक्षक महिला महाविद्यालयाला शिकवतो, महिला महाविद्यालयाची गृहविज्ञान शिक्षिका गावातल्या महाविद्यालयात आहार व पोषण शिकवते. प्रत्येकाने एक विषय दिला, एक घेतला. सत्राच्या सुरुवातीला तिन्ही प्राचार्यांच्या सहीचे कार्यभार विवरण तयार होते: कोणत्या शिक्षकाने किती तास कुठे दिले, त्या वेळेचा कार्यालयीन आदेश क्रमांक कोणता, प्रवासखर्च कोणाचा. हा आदेश नसताना शिक्षक बाहेर गेला आणि वाटेत अपघात झाला, तर तो कामावर होता हे सिद्ध करायलाच कागद सापडत नाही. म्हणून आदेश पहिल्या दिवशी हवा, सत्र संपल्यावर नव्हे.

साखळी नेमकी समान होत नाही, हेही लक्षात घ्यावे. संगणकाचा विषय एक श्रेयांक सैद्धांतिक आणि एक श्रेयांक प्रात्यक्षिक असा होता. सैद्धांतिक श्रेयांकाला १५ तास, प्रात्यक्षिक श्रेयांकाला ३०. म्हणजे आठवड्याला एक तास फळ्यावर आणि दोन तास संगणकावर, एकूण तीन. त्यात ४० मुली घेतल्या असत्या तर प्रात्यक्षिकाच्या दोन तुकड्या आणि एकूण पाच तास. बाकीचे दोघे शिक्षक मात्र दोनच तास देणार. म्हणून पहिल्या वर्षी २० जागांची मर्यादा घातली. मागणी जास्त होती, ती नाकारावी लागली. पण पहिल्याच सत्रात एका बाजूवर ओझे पडले असते तर दुसरे सत्र झालेच नसते.

या २० मुलींच्या जाण्यायेण्याचा प्रश्न वेगळा सोडवावा लागला. एसटीचा विद्यार्थी पास गावापासून महाविद्यालयापर्यंतच्या मार्गासाठी असतो. स्टेशनकडे जायचे तर वेगळे तिकीट. स्टेशनवरच्या महाविद्यालयाची बस सकाळची फेरी संपली की संध्याकाळपर्यंत उभीच असते. ती शुक्रवारी १०.१५ ला महिला महाविद्यालयाच्या फाटकातून निघते, १२.४५ ला थेट एसटी स्टँडवर सोडते, सोबत एक शिक्षिका असते, आणि डिझेल महिला महाविद्यालय देते. पालकांना सत्राआधी एकदा बोलावून हे सगळे सांगितले आणि लेखी संमती घेतली. पालकांचा प्रश्न ‘संगणक कशाला’ हा नव्हताच. ‘मुलगी गाडीला वेळेवर पोचेल का’ एवढाच होता.

विद्यापीठाची बाजू याआधी पक्की करावी लागते. विद्यार्थ्याचा परीक्षा अर्ज त्याच्या मूळ महाविद्यालयातूनच भरला जातो. त्या महाविद्यालयाला तो विषय मंजूर नसेल तर विषयाचा संकेतांक प्रणालीत दिसत नाही आणि शिकवलेले सत्र वाया जाते. त्यामुळे विषयाची परवानगी मूळ महाविद्यालयाने घ्यायची, अंतर्गत गुणही त्यानेच भरायचे. पाहुण्या शिक्षकाने सही केलेली गुणपत्रिका आणि हजेरीची मूळ प्रत पाठवायची. गुण भरण्याच्या अंतिम तारखेआधी आठ दिवस ही आपली अंतिम तारीख धरावी.

उपकरण: यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटर

द्रावण किती प्रकाश शोषते ते मोजून त्यातल्या पदार्थाचे प्रमाण काढणारे हे उपकरण स्टेशनवरच्या रसायनशास्त्र विभागात आहे आणि गावातल्या बीएस्सीच्या तुकडीला ते हवे होते. पहिल्या शुक्रवारी २० विद्यार्थी आले, प्रत्येकाने सहा प्रमाणित द्रावणे आणि एक अज्ञात द्रावण तिथेच बनवायला घेतले. म्हणजे १४० वाचने. दोन तासांत द्रावणेही पूर्ण झाली नाहीत.

दुरुस्ती दोन बाजूंनी केली. पाच जणांचे चार गट केले: चार गुणिले सात, २८ वाचने, प्रत्येकी दीड मिनिट धरले तरी पाऊण तासाच्या आत. आणि द्रावणे आदल्या दिवशी आपल्याच प्रयोगशाळेत बनवून, बूच लावलेल्या प्रमापी चंबूंतून, लाकडी खोक्यात आणायची. इथे प्रयोगाची निवड महत्त्वाची ठरते. लोह-थायोसायनेटचा लाल रंग काही वेळात फिका पडतो. आदल्या दिवशी बनवून आणला तर आलेख सरळ येणारच नाही. तसेही रंगीत द्रावणांसाठी साधा कलरीमीटर पुरतो, त्यासाठी फाटक ओलांडायची गरज नाही. स्पेक्ट्रोफोटोमीटरचा वेळ ४०० नॅनोमीटरखालच्या, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिनील प्रकाशातल्या कामासाठीच वापरावा, असे ठरले. पॅरासिटामॉलच्या गोळीतील मात्रा काढणे हा त्याला चांगला प्रयोग आहे: मिलिलिटरला २, ४, ६, ८, १०, १२ मायक्रोग्रॅमची द्रावणे, २४३ नॅनोमीटरला वाचन. दहा मायक्रोग्रॅमला शोषणांक (प्रकाश किती शोषला त्याचा आकडा) साधारण ०.६५ च्या आसपास यायला हवा. १.३ आला तर उपकरणाला दोष देण्याआधी विरलनाचा हिशोब पाहावा; बहुतेक वेळा १० मिलिलिटरऐवजी ५ मिलिलिटरचा चंबू उचललेला असतो.

क्युव्हेट, म्हणजे द्रावण ठेवायची छोटी पारदर्शक कुपी, ज्याचे त्याने आणावे. २४३ नॅनोमीटरला काचेचे किंवा साध्या प्लास्टिकचे क्युव्हेट चालत नाही, ते स्वतःच प्रकाश शोषते. क्वार्ट्झचेच लागते, आणि क्वार्ट्झची जोडी महाग असते. सामाईक क्युव्हेट ठेवले की ओरखडा कोणाचा हा वाद कधीच सुटत नाही. उपकरण मात्र यजमान विभागाचा सहायकच सुरू करतो, वर्गाच्या अर्धा तास आधी, म्हणजे दिवा स्थिर होतो. वीज गेली आणि यूपीएस पुरले नाही तर उपकरणातला अतिनील प्रकाश देणारा ड्युटेरियमचा दिवा लगेच पुन्हा पेटवू नये. थंड होऊ द्यावा, पुन्हा अर्धा तास द्यावा आणि कोरे द्रावण ठेवून शून्य नव्याने जुळवावे. अर्धी वाचने वीज जाण्याआधीची आणि अर्धी नंतरची, असा तक्ता स्वीकारू नये.

महिन्यातून एकदा पोटॅशियम डायक्रोमेटने तपासणी करायची: लिटरला ६० मिलिग्रॅम, ०.००५ मोलर सल्फ्युरिक आम्लात, २५७ आणि ३५० नॅनोमीटरला शिखरे, २३५ आणि ३१३ ला दऱ्या. त्या तारखेचा आलेख नोंदवहीत चिकटवायचा. ‘तुमच्या मुलांनी बिघडवले’ या आरोपाला हेच एक उत्तर आहे: बिघाड कोणत्या महिन्यात सुरू झाला ते दिसते.

खर्च तासावर. ड्युटेरियमच्या दिव्याचे आयुष्य साधारण १,००० तास धरतात. दिवा ४०,००० रुपयांना पडला असेल तर तासाला ४० रुपये दिव्याचे, त्यात वार्षिक देखभाल कराराचा वाटा मिळवायचा. नोंदवहीत दिवा लागल्याची आणि बंद केल्याची वेळ लिहायची. विद्यार्थीसंख्या लिहून उपयोग नाही, दिवा माणसे मोजत नाही.

प्रयोगशाळेच्या शुद्ध पाण्याचीही देवाणघेवाण सुरू झाली, ती उन्हाळ्याने शिकवली. साध्या ऊर्ध्वपातन यंत्रात एक लिटर शुद्ध पाण्यामागे दहा-पंधरा लिटर पाणी नुसते थंड करण्यात वाहून जाते. जिथे २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या भागात तीन ठिकाणी तीन यंत्रे चालवणे परवडणारे नाही. गावातल्या महाविद्यालयाकडे आयन-विनिमय स्तंभ (पाणी न उकळता त्यातले क्षार काढणारे साधन) आहे. फेब्रुवारीनंतर तिथून वीस लिटरचे कॅन जातात, आणि रसायने त्या बदल्यात येतात.

पुस्तकांची पिशवी

ग्रंथालयांपैकी एकाकडे सोल आणि एकाकडे कोहा या ग्रंथालयाच्या संगणकप्रणाली, तिसऱ्याकडे हाताने लिहिलेली दाखल नोंदवही. तिन्ही एका संगणकप्रणालीवर आणण्याचा मोह टाळला, कारण त्यात वर्ष जाते आणि कोणाची प्रणाली ‘हरली’ हा रुसवा राहतो. ज्याची प्रणाली त्याच्याकडे. महिन्यातून एकदा मार्क-२१ या ग्रंथनोंदींच्या प्रमाण स्वरूपात नोंदी काढून एका सामाईक कोहा यादीत टाकायच्या. दाखल क्रमांकापुढे महाविद्यालयाचा संकेत लावायचा, कारण ००४५१२ हा क्रमांक दोघांकडेही असतो आणि मग एकाचे पुस्तक दुसऱ्याच्या खात्यावर चढते.

जड गेल्या त्या जुन्या मराठी नोंदी. त्या श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फाँटमध्ये टंकलेल्या होत्या. युनिकोडमध्ये नसल्याने शोधात येतच नव्हत्या. रूपांतर करणारी साधने बरेच काम करतात, पण ‘ऱ्य’ आणि ‘र्य’ यांत गोंधळ घालतात: ‘वाऱ्यावर’चे ‘वार्यावर’ होते, ‘शेतकऱ्यांचा’चे ‘शेतकर्यांचा’. मराठवाड्यातल्या ग्रंथालयात शेतकऱ्यांवरची पुस्तके शोधात सापडली नाहीत तर यादीचा उपयोग काय? म्हणून रूपांतरित प्रत्येक तुकडीतल्या ५० नोंदी डोळ्यांनी तपासायच्या, त्यात ऱ्य, ळ आणि जोडाक्षरे मुद्दाम पाहायची. लेखकाचे नाव आडनाव-प्रथम या एकाच पद्धतीने.

महिला महाविद्यालयातली ६,००० पुस्तके नव्याने नोंदवायची होती. एका व्यक्तीच्या हातून दिवसाला ७५ नोंदी नीट होतात, म्हणजे ८० दिवस. कमवा व शिका योजनेतल्या दोन विद्यार्थिनींनी आधी तीच पुस्तके घेतली, ज्यांच्या तारीखचिठ्ठीवर गेल्या तीन वर्षांतला शिक्का आहे. ढीग एकदम लहान झाला आणि यादी पहिल्याच सत्रात वापरात आली.

पिशवी मंगळवारी आणि शुक्रवारी जाते, बँकेत आणि पोस्टात जाणाऱ्या शिपायाबरोबरच, वेगळा माणूस नाही. विद्यार्थ्यामागे एकच आंतरग्रंथालयीन पुस्तक, १५ दिवस. चलनाच्या तीन प्रती: देणारा, घेणारा, पिशवीत. वसुली मूळ महाविद्यालयाने आपल्या विद्यार्थ्याकडून करायची आणि यजमानाला पुस्तकच द्यायचे, पैसे नव्हे. जुन्या पुस्तकाची छापील किंमत ४० रुपये असते आणि त्यात आज काहीच येत नाही. गहाळ पुस्तकांची भीती ग्रंथपालांना सर्वांत जास्त. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मधील नियम २१५ मध्ये वर्षाला देवघेव झालेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथांचे नुकसान वाजवी मानले आहे, बेपर्वाई किंवा अप्रामाणिकपणा नसेल तर. महाविद्यालय विकास समितीने हेच प्रमाण ठरावाने स्वीकारले, तेव्हा ग्रंथपालांचा हात मोकळा झाला.

कागद आणि पैसा

हे सगळे दोन महिने चालवून पाहिल्यावर करार लिहिला, आधी नाही. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात अशा दस्तांना किमान ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो. प्राचार्यांच्या सहीखेरीज तिन्ही संस्थांच्या कार्यकारिणीचा ठराव आणि सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ च्या कलम ९७ खालच्या महाविद्यालय विकास समितीचा ठराव जोडावा. भाषा जपून वापरावी. जागा वा खोली ‘भाड्याने’ अथवा ‘पट्ट्याने’ असे लिहू नये, ‘वापराची परवानगी’ लिहावे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ प्रमाणे तीन वर्षांहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. अनुदानातून घेतलेले उपकरण डेड स्टॉक (टिकाऊ वस्तूंच्या) नोंदवहीतून हलवायचे नाही, जागेवरच वापरायचे.

परस्पर वजावट करून फक्त फरक देण्याचा मोह होतो. लेखापरीक्षणात तोच पहिला आक्षेप येतो. ‘क्ष’ने ‘य’ला दिलेले आणि ‘य’ने ‘क्ष’ला दिलेले, दोन्ही पावत्या पूर्ण रकमेच्या, दोन्ही धनादेश वेगळे. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकसाठीही हेच: कराराची प्रत पुरत नाही, तारीखवार उपक्रम, हजेरी आणि नोंदवहीची पाने लागतात, आणि शेजाऱ्याचे पुस्तक किंवा उपकरण आपल्या यादीत मोजायचे नाही.

कराराची मुदत ३१ मे. कोणाही एका संस्थेला तीन महिन्यांची सूचना देऊन बाहेर पडता येते, पण सुरू झालेल्या सत्रातली तुकडी पूर्ण करूनच. प्राचार्य बदलले तरी ही अट लागू राहते, कारण ती संस्थांच्या ठरावात आहे. पुढच्या वर्षाच्या सामाईक गटाचे वार आणि वेळ एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ठरतात, तिन्ही महाविद्यालयांची वेळापत्रके तयार होण्याआधी. हा गट आधी भरायचा, बाकीच्या तासिका त्याभोवती बसवायच्या.